झांबियाचा सत्कार

बाबांना कुठल्याही गोष्टीचा शेवट बघायची सवय नव्हती. सिनेमा संपायच्या आधी ते स्कूटर काढायला बाहेर पडत, लग्नात अक्षता पडल्या की पहिली पंगत गाठून मोकळे होत, आणि कीर्तन रंगात आलेलं असताना चपला शोधायला उठत. "गर्दीच्या आधी निघालेलं बरं," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आई म्हणायची, "ह्यांना सगळ्या गोष्टी अर्ध्याच माहीत, पण सांगतात मात्र पूर्ण." तेव्हा आम्ही दोघी हसायचो. बाबाही हसायचे. घरातल्या माणसाची खोड घरातच असते तोवर तिचं कौतुकच असतं, ती चव्हाट्यावर आली की कळतं काय ते.

हिंदी मुलखातल्या एका मोठ्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमचं क्वार्टर होतं. पुढे एवढंसं अंगण, मेंदीचं कुंपण, मागे शेवग्याचं झाड आणि त्याच्या खोडाला बांधलेली कपड्यांची दोरी. आज शेजारच्या अवधपुरीत घराला घर लागलंय, पण तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाला उभं राहिलं की पलीकडे नुसती हरभऱ्याची शेतं दिसायची. मी आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, शाहपुऱ्याला राहते, तिकडे जाणं क्वचित होतं, आणि गेले तरी ते क्वार्टर ओळखू येत नाही. बाबा नागपूरचे, आई इंदूरची. त्यामुळे घरात दोन मराठ्या नांदत होत्या. बाबा "काय करून राहिली तू?" असं विचारायचे आणि आई "काही नाही, सब्जी चिरते आहे" असं उत्तर द्यायची. मी एकुलती एक, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, आणि मला वाटायचं की शुद्ध मराठी फक्त मीच बोलते. तेही खरं नव्हतं.

बाबा ट्रान्सफॉर्मरच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या त्या विभागात, फोरमन होते आणि टाउनशिपच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. पहिलं काम ते मनापासून करत, दुसरं जिवापाड. मंडळाचा हॉल म्हणजे पत्र्याचं छप्पर, सिमेंटचं बुटकं स्टेज आणि चरचरणारा माइक. तिथे गणपती, कोजागिरी, संक्रांतीचं हळदीकुंकू असं सगळं व्हायचं, पण मंडळाचा खरा जीव सत्कारात होता. कोणाचा मुलगा इंजिनिअरिंगला लागला, सत्कार. कोणी रिटायर झालं, सत्कार. एका काकूंची पित्ताशयाची शस्त्रक्रिया नीट पार पडली तर त्यांनाही शाल आणि श्रीफळ मिळालं होतं, आणि त्या बिचाऱ्या लाजून अर्ध्या झाल्या होत्या. यात एक नियम फार कडक पाळला जायचा. ज्याचा सत्कार त्याला आधी कळू द्यायचं नाही. त्याला नुसतं "या हो संध्याकाळी" म्हणायचं, तो सतरंजीवर येऊन बसला की माइकवरून नाव पुकारायचं, आणि त्याचा तो गोंधळलेला चेहरा सगळ्यांनी डोळे भरून बघायचा. "विचारून करतात तो काय सत्कार झाला?" असं बाबा म्हणायचे. बाबांच्या पूर्ण कारकिर्दीत कोणी शालीला नाही म्हटलं नव्हतं.

त्या वर्षी कारखान्याची यंत्रं घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकांचे इंजिनिअर काही महिन्यांच्या ट्रेनिंगला आले होते. त्यांतला मुलेंगा हा झांबियाचा, तांब्याच्या खाणींच्या मुलखातला, बाबांच्या हाताखाली शिकत होता. चणीने बारीक, जाड काचांचा चष्मा, आणि बूट इतके चकचकीत की आमच्या गल्लीतल्या धुळीतून तो पाय उचलून उचलून चालायचा. त्याच्याबरोबर ओबी नावाचा नायजेरियाचा एक उंच, हसरा माणूस होता. तो दुसऱ्या शॉपमध्ये असायचा आणि आमच्याकडे कधीमधीच यायचा. मुलेंगा मात्र दर रविवारी यायचा. संत वगैरे मुळीच नव्हता. कॅरममध्ये हरायला लागला की सोंगटी सरकली म्हणून वाद घालायचा, भेंडीला नाक मुरडायचा, आणि आमच्या चहाला "गरम गोड दूध" म्हणायचा. आईने पहिल्यांदा त्याला पोळी वाढली तेव्हा त्याने ती अशी उलटून पालटून बघितली की आईला रागच आला. मग त्याने हातवारे करून सांगितलं की त्यांच्याकडे मक्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट गोळा करतात आणि तो हाताने मोडून भाजीबरोबर खातात. "म्हणजे उकडच की," आई म्हणाली. पुढच्या रविवारी तिने मक्याच्या पिठाची उकड केली. "भाभी जी, और टाइट," तो म्हणाला. ती पळीने घोटत राहिली आणि तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहून "और टाइट, और टाइट" म्हणत राहिला. शेवटी पळीचा दांडा वाकला तेव्हा तो म्हणाला, "बस!" पालकाच्या भाजीशी त्याने ते सगळं पातेलं संपवलं. आई त्या दिवसापासून त्याची झाली.

बाबांना तो आवडायचा हे खरं. पण बाबांना तो मिरवायलाही आवडायचा, आणि हे मला तेव्हाही दिसत होतं. ते त्याला स्कूटरवर मागे बसवून बरखेड्याच्या बाजारात न्यायचे, पानवाल्याशी, शिंप्याशी ओळख करून द्यायचे, "ये अपना अफ्रीकावाला है" म्हणायचे. गल्लीतली पोरं त्याच्या मागे काहीबाही ओरडत पळायची, बायका कुंपणाआडून तोंडाला पदर लावून बघायच्या. बाबा पोरांना हाकलायचे, पण त्या हाकलण्यातही एक ऐट असायची. अपना अफ्रीकावाला. त्याने एकदा शांतपणे विचारलं होतं, "मिस्टर मोहरील, तुम्ही आशियाचे, मी तुम्हाला आशियावाला म्हणू का?" बाबा खदखदा हसले आणि पुन्हा तेच म्हणत राहिले.

फुटबॉलची गोष्ट त्यानेच सांगितली. आफ्रिकेतल्या देशांची आपसांतली मोठी स्पर्धा चालली होती आणि झांबिया एकेक सामना जिंकत पुढे सरकत होती. आमच्याकडे बाबांचा मोठा ट्रान्झिस्टर होता. त्याची तार शेवग्यापर्यंत नेलेली होती, म्हणून त्याच्यावर लघुलहरींची लांबलांबची स्टेशनं लागायची. मुलेंगा संध्याकाळी येऊन ओसरीत त्याच्यापुढे बसायचा. एकदा चहा पिता पिता त्याने सांगितलं, की मागच्याच वर्षी त्यांचा अख्खा संघ विमानातून सामन्याला निघाला होता आणि वाटेत तेल भरून उडाल्यावर ते विमान समुद्रात पडलं. एकही जण वाचला नाही. त्यांतल्या काहींना त्याने आपल्या खाणीच्या मैदानावर अनवाणी खेळणारी पोरं असल्यापासून बघितलं होतं. राजधानीतल्या मैदानाशेजारी सगळ्यांना एका रांगेत पुरलं तेव्हा तो बसने रात्रभर प्रवास करून गेला होता. आता खेळत होते ते त्या विमानात नसलेले दोघे-चौघे आणि बाकी नवी पोरं, आणि ती अंतिम सामन्यात पोहोचली होती. समोर नायजेरिया होती. आईने त्याच्या कपात आणखी चहा ओतला आणि आत जाऊन डोळे पुसले. बाबाही गलबलले होते. "जिंकणार तुम्ही, मी सांगतो," असं म्हणून त्यांनी मुलेंगाच्या पाठीवर थाप मारली. ओबीने मात्र सामना आपल्या शॉपमधल्या लोकांबरोबर ऐकायचं ठरवलं होतं. "उसके साथ सुनूँगा तो मारपीट होगी," असं मुलेंगा हसत म्हणाला.

अंतिम सामना पाडव्याच्या आदल्या दिवशी, रविवारी आला. आईने चक्का बांधून नळाला टांगला होता, त्याचं पाणी टपटप तपेल्यात पडत होतं. बाबांची हॉलवर खुर्च्या उतरवून घ्यायची गडबड होती, पण सुरुवात ऐकून जातो म्हणून ते बुटाची नाडी बांधत ओसरीतच थांबले. निवेदकाचा आवाज लाटेसारखा जवळ यायचा आणि लांब जायचा. मी मुलेंगाच्या बाजूला वेताच्या मोढ्यावर बसले होते. सामना सुरू होऊन मोढ्यावर नीट बूड टेकतंय तोच झांबियाने गोल केला. मुलेंगा उडालाच. त्याचा चष्मा खाली पडला, त्याने बाबांना मिठी मारली, मग आईचे पिठाचे हात धरून नाचवले, आणि त्याच्या भाषेत काहीतरी मोठ्याने ओरडला. बाबांचा चेहरा असा फुलला की जसा काही तो गोल त्यांनीच मारलाय. "बघ, सांगितलं होतं ना मी!" ते म्हणाले आणि स्कूटरची किल्ली घेतली. "बाबा, अजून सगळा सामना बाकी आहे," मी म्हणाले. "अगं, सुरुवात अशी झाली म्हणजे झालंच की," असं म्हणत ते निघालेही. स्कूटर गल्लीच्या कोपऱ्याशी वळत असेल तेवढ्यात नायजेरियाने बरोबरी केली.

पुढचं मी विसरलेले नाही, पण सांगण्यासारखं फार काही नाही. मध्यंतरानंतर लगेच दुसरा गोल झाला आणि तो नायजेरियाचा होता. त्यानंतर झांबियाची पोरं धावत राहिली आणि आवाज येत-जात राहिला. मुलेंगा रेडिओवर ओणवा झाला होता, जसा काही अंग जवळ नेल्याने चेंडू पुढे जाणार होता. संपल्यावर त्याने बटण फिरवलं, एरियलच्या नळ्या एकात एक सरकवल्या, रेडिओवरचं विणलेलं फडकं नीट अंथरलं. "पोरं चांगली खेळली," तो इंग्रजीत म्हणाला. आईने उकड केली होती, त्याने पातेल्याकडे पाहिलं आणि हात जोडले. तो जेवला नाही. दाराशी जाऊन बूट घालताना त्याला एकच नाडी बांधायला कितीतरी वेळ लागला. आई आणि मी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. बाबा हॉलवरून आले तेव्हा आम्ही झोपलो होतो.

सकाळी गुढीची घाई. काठीला साडी, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, तांब्या पुसून चकचकीत. कारखान्याला पाडव्याची सुट्टी नसायची, म्हणून बाबांनी गुढी उभारली, कडुलिंबाची चटणी तोंड वाकडं करत गिळली आणि डबा मागितला. आई म्हणाली, "अहो, काल मुलेंगा जेवला नाही हो. तसाच गेला." बाबा हेल्मेट घालत म्हणाले, "आनंदात कोणाला भूक लागते काय!" आणि स्कूटरला किक मारली. आई दूध तापवत होती, ती क्षणभर थांबली. "काय म्हणाले हे?" तिने मला विचारलं. तोवर दूध उतू गेलं आणि आम्ही दोघी फडकं शोधायला लागलो. त्या एका वाक्याचा अर्थ आम्हाला तेव्हा लागला असता तर! आज इतक्या वर्षांनीही मला ते दूध दिसतं, गॅसच्या बर्नरवर करपणारं.

दिवसभर शॉपमध्ये बाबांनी मुलेंगापुढे सामन्याचा विषयच काढला नसणार, सत्काराचं आधी फुटू नये म्हणून. संध्याकाळी हॉल भरला होता. मी मागच्या खोलीत बायकांबरोबर पन्हं ढवळत होते, आंब्याची डाळ द्रोणात भरत होते, त्यामुळे स्टेजवर काय लिहिलंय ते मी पाहिलंच नव्हतं. आधी कोणीतरी पेटी वाजवली, मग लहान मुलींचं नृत्य झालं. मग माइक चरचरला आणि बाबांचा आवाज आला. सत्काराच्या वेळी बाबांची भाषा बदलायची, नागपूर गळून पडायचं. "मंडळी, आज आपल्यामध्ये सातासमुद्रांपलीकडचा एक पाहुणा बसला आहे. कालच त्याच्या मायदेशाने अख्ख्या आफ्रिका खंडावर विजयपताका फडकवली आहे." माझ्या हातातला पन्ह्याचा जग तसाच राहिला. मी दाराशी धावले. स्टेजवरच्या फळ्यावर रंगीत खडूंनी कमळ काढून लिहिलं होतं, आफ्रिका विजेत्या झांबियाचे हार्दिक अभिनंदन. मुलेंगा दुसऱ्या ओळीत खुर्चीवर होता. पांढरा शर्ट, टाय, तेच बूट. त्याला आपलं नाव आणि देशाचं नाव कळलं होतं आणि तो गोंधळून इकडेतिकडे बघत होता, जसं सत्कारमूर्तीने बघायचं असतं अगदी तसं. त्याच्या शेजारी ओबी बसला होता.

मी जग घेऊनच भिंतीच्या कडेने स्टेजपाशी गेले. बाबांनी मला पाहिलं आणि डोळ्यांनीच काय म्हणून विचारलं. "बाबा, ते हरले," मी म्हणाले. बाबांनी माइकवर तळवा ठेवला. "काय?" "हरले ते. दोन-एकने. नायजेरिया जिंकली. तुम्ही गेल्यावर." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग फळ्याकडे. मग पहिल्या ओळीकडे, जिथे त्यांच्या शॉपचे मोठे साहेब सहकुटुंब बसले होते आणि मंडळाचे अध्यक्ष आगाशेकाका हातावर शालीची घडी घेऊन तयार उभे होते. बाबांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. अजून काही बिघडलं नव्हतं. "मंडळी, माझ्याकडून चूक झाली" एवढं म्हटलं असतं तर लोक हसले असते, आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्यांची चेष्टा झाली असती, बस. मी वाट बघत होते. "जा, पन्हं वाट तू," बाबा म्हणाले आणि माइकवरचा तळवा काढला. "तर अशा ह्या विजयी झांबियाचे सुपुत्र, माझे परममित्र, श्रीयुत मुलेंगा!"

टाळ्या पडल्या. मला त्या वेळी बाबांची जी लाज वाटली तशी लाज मला स्वतःचीही कधी वाटलेली नाही. चूक झाली म्हणून लाज वाटली नव्हती, चूक तर कोणाचीही होते. माझ्या डोळ्यांदेखत त्यांना खरं काय ते कळलं होतं, आणि समोर बसलेल्या त्या माणसापेक्षा त्यांना पहिली ओळ मोठी वाटली होती. मुलेंगा स्टेजवर आला. आगाशेकाकांनी त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि दोन शब्द बोला म्हणून इंग्रजीत आग्रह केला. मुलेंगाने फळ्याकडे पाहिलं. मराठी त्याला येत नव्हती, पण बाबांच्या भाषणातला "विजय" हा शब्द त्याला हिंदीमुळे पुरता कळला होता. त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा माइकची वायर सरळ करण्यात गुंतले होते.

तो इंग्रजीत बोलला, हळू, एकेक शब्द सुटा करून. "मागच्या वर्षी आम्ही आमचा संघ पुरला. ह्या वर्षी आमची अकरा पोरं मैदानावर उभी राहिली. माझा मित्र म्हणतो आम्ही जिंकलो. माझा मित्र म्हणतो तर तसं असेल." एवढंच. शेवटचं वाक्य बोलताना त्याचा आवाज सपाट झाला होता. हॉलमध्ये निम्मे लोक इंजिनिअर, त्यांना इंग्रजी कळत होतं, आणि काहींनी सकाळचा पेपरही वाचला असणार. टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विरल्या. मागून कोणीतरी, "अरे, पण हरले ना ते?" असं म्हणालं आणि कोणीतरी फिसकन हसलं. ओबी मान खाली घालून आपल्या तळहातांकडे बघत होता. जिंकलेल्या देशाचा माणूस तो, पण त्या संध्याकाळी त्याला कोणी नमस्कारही केला नाही. मुलेंगा स्टेजवरून उतरला, माझ्यासमोर थांबला, आणि नारळ माझ्या रिकाम्या हातात दिला. "हे तू ठेव," एवढं म्हणून तो सरळ दाराबाहेर गेला. ओबी त्याच्यामागे धावला. कोणी पन्हं प्यायलं नाही त्यांच्यातलं.

घरी आल्यावर बाबा बराच वेळ हातपाय धूत बसले. बाहेर आले तेव्हा त्यांचं सगळं ठरलेलं होतं. "लोकांना कळलं नाही," ते म्हणाले, "पण जिंकलेल्याचा सत्कार कोणीही करतं. हरलेल्याचा करायला हिंमत लागते." आईने त्यांच्यापुढे ताट आदळलं. "बास करा आता," ती म्हणाली. "निदान आमच्यासमोर तरी बास करा." बाबांनी ताट पुढे ओढलं. पण पुढे ही गोष्ट त्यांनी अशीच सांगितली, नातेवाइकांना, जावयाला, अगदी रिटायर झाल्यावर बागेतल्या मित्रांनाही. दरवेळी त्यांची हिंमत थोडी वाढलेली असायची आणि मुलेंगाच्या डोळ्यांत थोडं जास्त पाणी. बाबा जाऊन आता खूप दिवस झाले, त्यांच्याबद्दल असं लिहिताना हात अडखळतो. त्यांनी मला सायकल शिकवली, माझ्या टायफॉइडमध्ये रात्ररात्र जागले. ते सगळं खरं आहे, आणि हेही खरं आहे.

मला एवढंच हवं होतं की त्यांनी एकदा, एकट्याने, हॉलमध्ये नाही तर नाही, शॉपमध्ये एखाद्या मशीनच्या आडोशाला मुलेंगाला सॉरी म्हणावं. मी तसं त्यांना सांगितलंही. "तू मला शिकवून राहिली?" असं म्हणून ते उठून गेले. रविवारची मुलेंगाची फेरी बंद झाली. शॉपमध्ये तो बाबांना आता मिस्टर मोहरील न म्हणता नुसतं "सर" म्हणतो, असं बाबांनीच एकदा जेवताना सांगितलं, आणि ते वाक्य त्यांच्या तोंडून निसटलं असावं, कारण लगेच त्यांनी मीठ मागितलं. मग त्यांनी मुलेंगाला दुसऱ्या फोरमनच्या हाताखाली लावून दिलं. आई दर रविवारी मक्याच्या पिठाचा डबा उघडून बघायची, किडा लागलाय का म्हणून, आणि बंद करून ठेवायची.

त्याचं ट्रेनिंग संपत आलं त्या आठवड्यात बाबांच्या पाठीत उसण भरली होती. ते रजेवर होते, कमरेला पट्टा बांधून दिवसभर आतल्या खोलीत पडून असायचे आणि घरभर बामाचा वास असायचा. एका दुपारी कूलरचा आवाज चाललेला असताना फाटकाची कडी वाजली. बाबांनी खिडकीच्या फटीतून पाहिलं. "मुलेंगा आहे," ते म्हणाले आणि मग, माझ्यादेखत, आईला म्हणाले, "सांग, ड्यूटीवर गेलेत." आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "अहो, बरं दिसतं का ते?" "सांग म्हटलं ना!" बाबा कुजबुजले, आणि पट्टा सावरत भिंतीकडे तोंड करून पडले.

मुलेंगा ओसरीत बसला. परवा निघतो, म्हणाला. शॉपमध्ये सगळ्यांना भेटून आलो, म्हणाला. आईने पाणी दिलं, खाली बघत सांगितलं, "वो तो ड्यूटी पे गए हैं।" मुलेंगाने मान हलवली. बाबांची स्कूटर त्याच्यासमोर अंगणात उभी होती. शॉपमधून आलेल्या माणसाला बाबा रजेवर आहेत हे ठाऊक नसेल हे शक्यच नव्हतं. उलट मला वाटतं, तेच ऐकून तो इतक्या उन्हात पाठीची चौकशी करायला आला होता. तो पाणी प्यायला, ग्लास नीट खाली ठेवला, आणि म्हणाला, "ठीक है भाभी जी, साहब को नमस्ते बोलना।" आईचा चेहरा असा झाला होता की आता रडेल. मी आतल्या दारात उभी होते. माझ्या एका बाजूला पलंगावर बाबा, दुसऱ्या बाजूला ओसरीत तो. बाबांनी मान वळवून मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"पापा अंदर हैं," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. "छुट्टी पर हैं। अंदर ही हैं।"

कूलर घरघरत होता. मग पलंग करकरला आणि बाबा बाहेर आले, बनियन, पायजमा, कमरेला तो रुंद पट्टा, केस विस्कटलेले, बामाचा भपकारा. ते दाराला धरून उभे राहिले. मुलेंगा खुर्चीवरून उठला. मला वाटलं, आता. आता तरी ते बोलतील. ह्या अवस्थेत माणसाला खरं बोलण्याशिवाय दुसरा रस्ताच नसतो असं मला त्या वयात वाटत होतं. बाबांचे ओठ हललेही. पण त्यांच्या आधी मुलेंगा बोलला. बाबांच्या पट्ट्याकडे जराही न बघता, त्यांच्या डोळ्यांत बघत, त्याच्या त्या मोडक्या हिंदीत त्याने विचारलं, "अरे साहब, आ गए? आज ड्यूटी से जल्दी छूट गए?"

ते त्याने दयेने विचारलं की तिरस्काराने, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं हसू आलं.

"हां, हां," बाबा म्हणाले, "आज ज़रा जल्दी छूट गए।"

मुलेंगाने पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला आणि हलवला. "अच्छा हुआ," तो म्हणाला, "मिलना हो गया।" आणि मी दोघांच्या मध्ये उभी होते, मला कोणाच्याच तोंडाकडे बघवत नव्हतं.